दोनशे पस्तीस

विट्यात स्टँडमागं माझं दुकान,
बोर्डावर अजून 'लग्न शूटिंग व मिक्सिंग', ल चा रंग उडालेला.
यात्रेसाठी सेलमहून आलेला कुंडलिक देवकर
पिशवीतून कॅसेट काढतो,
वर बॉलपेननं: दुकान पूजा, ९६.
'नवा टीव्ही घेतलाय, पंचाहत्तर इंची.
त्यात सूर्य दाखवला तर म्हणे डोळे दिपतात.
यात आमचे दादा सोनं ओततात, वहिनी.
तेवढं दिपलं पाहिजे.'

कॅसेटला शंभरच्या वरचा उजेड ठाऊक नाही.
त्याहून जास्त जे काही होतं त्या दुकानात
ते कॅमेऱ्यानं उंबऱ्यातच छाटलं,
आणि छाटलेलं कुठं ठेवलं
हे कुणी लिहून ठेवत नाही.

रात्री एकला फ्रेम थांबवते.
डावीकडं दादांची बंडी.
मधे कललेली मूस, तिच्या ओठावरून उतरणारी धार.
बंडीवर कर्सर नेते: दोनशे पस्तीस.
धारेवर नेते: दोनशे पस्तीस.
भिंतीवरचा चुना, ट्यूबलाइट, कॅलेंडरचा कोरा रविवार,
दोनशे पस्तीस, दोनशे पस्तीस.

सुती कापड आणि वितळलेलं सोनं
एकाच भावानं.

प्रोग्रामवर सोपवलं तर तो सगळंच पेटवतो.
बंडी हजारावर जाते,
दादा स्वतःच समई होऊन उभे.
कोपऱ्यातला अंधार उचलावा तर मुंग्या सुटतात त्यातून,
आणि धूर, जो सरळ वर गेला असणार,
पायऱ्या मोजत चढतो.

म्हणून हातानं.
बंडी दोनशेवर बसवली, कापडासारखी.
चुना त्याहून खाली.
धार अकरा सेकंद, म्हणजे दोनशे पंच्याहत्तर फ्रेमा,
प्रत्येकीत तिच्या कडेनं रेघ ओढत गेले.
रेघेच्या आत पाहिलं. काहीच नव्हतं.
आत जे भरीन ते माझं असणार होतं,
आणि मी आयुष्यात गुंजभर सोनं आटताना पाहिलेलं नाही.

मग दादांनाच बोलावलं.
ज्ञानू देवकर, बुबुळांवर साय आलेली,
हाताच्या पाठीवर जुने पांढरे ठिपके.
स्टूल ओढून बसले, हप्त्यावर घेतलेल्या मॉनिटरपुढं.
'पिवळं केलंसा व्हय? पिवळी नसती ओ धार.
मुशीतनं सुटताना हिरवट असती.
पिवळी हुती ती थंड झाल्यावर, गिऱ्हाइकासाठी.'

मी हिरव्याचा एक कण टाकला.
'आजून.'
आणखी एक.
ते काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर असावं.

मग उजेड वाढवत नेला.
चारशे. पाचशे वीस.
ते मांडीवर हात ठेवून बसलेले.
सहाशे. सातशे.
सातशे चाळीसला त्यांची मान डावीकडं वळली,
हनुवटी खांद्याला टेकली, डोळे बारीक,
आपली आपणच.
पडद्यावरचे दादा मात्र सरळ बघत होते,
कॅमेरा आणला होता ना भाड्यानं.

तिथंच थांबले.

'तोंड उजळाय जाऊ नगा माझं,' ते उठताना म्हणाले,
'तितं उजेड न्हवता.'

कुंडलिक न्यायला आला तेव्हा विचारलं,
दिपतंय का?
म्हटलं, आधी घरातला मोठा दिवा बंद कर, मग बघ.
आणि ही घे जुनी कॅसेट. आता काय कामाची?

दादा दारात चप्पल शोधत होते.
'आमच्यात झाडलोट बी टाकत न्हाईत, बाई.
वरीसभराची माती धुतली की
निघतंय कायतरी.'

मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवली आहे,
मुंग्यांसकट, छाटलेल्या पांढऱ्यासकट.
नाव दिलंय: माती.